आडोसा

फोन पुन्हा थरथरला आणि ठमीने तो ताटाशेजारीच पालथा घातला. तोंडातला घास ती नुसता घोळवत राहिली.

"कोण आहे गं?" आईने विचारलं.

"कोणी नाही. टीममधल्या मुली." मग ताटावरची नजर न हटवता ती म्हणाली, "आई, उद्या मला बरं नाही, असं शाळेत कळवशील?"

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं लग्नाआधीपासूनचं काम. यंत्राचा आवाज जरा बदलला की काचेला तडा जाणार हे ती ओळखायची. ठमीच्या बोलण्यात तिला तसाच बदल ऐकू आला. परीक्षा नव्हती, ताप नव्हता. आणि बास्केटबॉलच्या सरावाला ही पोर पाय मुरगळलेला असतानाही लंगडत गेली होती.

आईने शाळेत खोटंच कळवलं आणि सकाळी तिला सोबत दुकानात नेलं. मागच्या खोलीत, यंत्राच्या घरघरीत, बाहेर काही ऐकू जाणार नाही अशी खात्री झाल्यावर ठमी बोलायला लागली.

टीममध्ये एक नवी मुलगी आली होती. अंगाने जाडजूड, पण नेम असा की जुन्यांपैकी एकीची जागा गेली. जिची गेली ती कप्तानाची जिवलग मैत्रीण. तेव्हापासून ग्रुपवर नवीची टिंगल चालली होती. आता ठरलं होतं की सरावानंतर ती कपडे बदलत असताना तिचा फोटो काढायचा. बाकावर नवीच्या शेजारी ठमी बसायची, म्हणून काम ठमीच्या गळ्यात पडलं. नुसती गंमत आहे, असं कप्तान म्हणत होती. आणि जी नाही म्हणेल ती आपली नाही, असंही. ठमी आज येणार नाही म्हटल्यावर फोटो उद्यावर गेल्याचं सकाळीच ग्रुपवर आलं होतं.

आईने यंत्र बंद केलं. आत्ताच्या आत्ता खेळाच्या बाईंना फोन लावते म्हणाली. ठमी पांढरीफटक पडली. तू सांगितलंस तर मी संपले, म्हणाली. मग आईने दुसरी वाट काढली. आईने फोन काढून घेतलाय असं त्यांना सांग, मला हवं तेवढं वाईट ठरव, खुशाल शिव्या घाल.

"मग त्या दुसरीला सांगतील," ठमी म्हणाली. "फोटो निघणारच ना."

पोरीला घरी बसवायचं एवढंच आईच्या डोक्यात होतं. त्या दुसऱ्या पोरीचा विचार ठमीने आधी केला, याचं तिला बरं वाटलं आणि त्याचीच भीतीही वाटली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "समज, मी कप्तान आहे. तू मला नाही म्हणून दाखव."

तिने कमरेवर हात ठेवले, मान उडवली. तिचा कप्तान इतका वाईट वठला की ठमीला हसू फुटलं. पण आई थांबली नाही. भित्री आहेस, आईच्या पदराआड लप, उद्यापासून आमच्यात बसू नकोस, असं एकेक ती बोलत गेली आणि ठमीचे डोळे भरून आले. स्वतःच्या लेकीला असं बोलताना आईची जीभ जड झाली. पुष्कळ वेळाने ठमीच्या तोंडून "मला नाही करायचं" एवढं बाहेर पडलं, तेही काउंटरवर ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"काहीही झालं तरी उद्या सरावानंतर आपण दोघी बाईंकडे जायचं," आई म्हणाली. "यात मी तुझं ऐकणार नाही."

ठमीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आईचं कामात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची उजवी काच तिने डावीकडे बसवली. तो चष्मा लावून उठला आणि दाराच्या चौकटीला धडकला. मालकांनी चष्मा पुन्हा तिच्या हातात दिला. सगळं पोरीच्या अंगावर टाकून आपण इथे काचा घासत बसलो, कालच फोन लावायला हवा होता, असं मनात घोळत होतं. वेळ संपायच्या आतच ती परवानगी मागून निघाली आणि शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

मुली घोळक्याने बाहेर आल्या. एरवी लांबूनच "काकू" म्हणून हाक मारणारी कप्तान तिच्याकडे बघून न बघितल्यासारखी पुढे गेली. काय झालं असेल? फोटो काढला की नाही? ठमी सगळ्यांच्या मागून एकटीच आली. चेहरा उतरलेला, टॉवेल अजून हातातच.

आईबरोबर केलेल्या तालमीतलं एकही वाक्य आठवलं नाही, असं तिने सांगितलं. कप्तानाने खूण केली तेव्हा घशातून आवाजच फुटेना. मग दुसरीने फोन वर केला. तेव्हा ठमी उठली आणि दोन्ही हातांनी टॉवेल पसरून नवीच्या पाठीशी उभी राहिली, तिचे कपडे बदलून होईपर्यंत.

"ती काय म्हणाली?"

"कोण, नवी? तिला काही कळलंच नाही. म्हणाली, केवढी खेटून उभी राहतेस, सरक ना जरा."

आईला हसावं की रडावं कळेना. तिने ठमीच्या हातातला ओला टॉवेल घेतला, घडी घातली आणि दोघी बाईंच्या खोलीकडे वळल्या.

कपडे बदलायच्या खोलीत फोन न्यायला बंदी झाली. बाईंनी कप्तानाच्या घरच्यांना बोलावून घेतलं. कोणी सांगितलं हे बाईंनी उघड केलं नाही, पण त्याची गरजही नव्हती. ठमीला ग्रुपमधून काढून टाकलं. रात्री जेवताना फोन आता गप्प असायचा, आणि आईला ते जास्त टोचायचं.

पुढच्या आठवड्यात एकदा गिऱ्हाइकाला चष्मा पोचवून परतताना आई मैदानाच्या जाळीपाशी थांबली. पाससाठी जोड्या लागल्या होत्या. आपल्यावरचं काय टळलं ते नवीला अजून ठाऊक नव्हतं; ती कप्तानाच्या जोडीला होती, दोघी हसत होत्या. ठमीला कोणी उरलं नव्हतं.

आईने जाळीत बोटं अडकवली. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. ठमी चेंडू घेऊन कडेच्या भिंतीपाशी गेली. तिने तो भिंतीवर जोरात फेकला, परत आलेला दोन्ही हातांनी नीट झेलला, आणि पुन्हा फेकला.