थंड गाडी

“अहो बाई, सुरू करून ठेवलीत?” मिस्त्रीने कपाळावर हात मारला.

घराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी कुणासमोर अर्धवट तयारीनं उभं राहणं त्यांना जमत नसे. “तुम्ही येणार म्हणून म्हटलं, गाडी गरम करून ठेवावी. तुमचा खोळंबा नको.”

“गरम गाडीत मला काय सापडणार? तिचं दुखणं थंडपणातलं. रात्रभर उभी राहिली की सकाळी गिअर टाकल्यावर ढिम्म हलत नाही, असंच ना? म्हणून तर बजावलं होतं, मी येईपर्यंत किल्लीला हात लावू नका.”

“पाहुणा यायचा म्हटल्यावर माणूस घर आवरतोच की,” बाई ओशाळून म्हणाल्या. “आता हो?”

“आता काय! उद्या परत येतो.”

सकाळचा फेरा फुकट गेला म्हणून मिस्त्रीने चिडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तो मनातून खूश झाला. उद्या सकाळी कुठंतरी जायचं ठरलं होतं.

गेले काही महिने बाई ही ऑटोमॅटिक गाडी घेऊन त्याच्या गॅरेजात येत होत्या. तक्रार एकच, “मिस्त्री, गिअर टाकला की गाडी विचार करत बसते हो.” पण गॅरेजपर्यंत येता येता गाडी तापे आणि त्याच्यासमोर अगदी शहाण्या बाळासारखी वागे. मिस्त्री इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी ओढे, पुसे, पुन्हा बुडवून बघे. तेल बरोबर खुणेवर, रंगही बरा. मग बाई बाकावर टेकत, चहा घेत आणि शाळेतल्या वात्रट पोरांच्या गोष्टी सांगत. त्या गेल्या की शेजारचा टायरवाला डोळे मिचकावी. “गाडीला धाड भरलेली नाही, मिस्त्री. बाईंना घरी करमत नाही, एवढंच.”

मिस्त्रीला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. करमत तर त्यालाही नव्हतं. बायको जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा परगावी. त्याचा फोन यायचा तो गाडी सिग्नलला थांबली की, आणि सिग्नल सुटला की बोलणंही संपायचं. गॅरेजात दिवसभर माणसांची ये-जा असे, पण ती बॉनेटकडे बघून बोलत. त्याच्याकडे बघून बोलणाऱ्या एवढ्या बाईच.

मात्र परवा बाईंनी फाटकाच्या चढावर गिअर टाकून ब्रेक सोडला, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी घरंगळत मागं रस्त्यात गेली. मागून येणारी व्हॅन हातभर अंतरावर करकचून थांबली. बाईंनी हे हसत हसत सांगितलं, पण कपातल्या चहाला तोंड लावलं नाही. मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली, आणि घरी येऊन गाडी थंड असताना बघतो, असं तो तेव्हाच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी किल्ली स्वतःकडे ठेवलीच नव्हती. खिडकीच्या कठड्यावर ठेवून त्या हात मागं बांधून उभ्या होत्या. मिस्त्री गाडीत बसला, ब्रेकवर पाय ठेवून त्यानं ती सुरू केली, गिअर टाकला. काही नाही. इंजिन नुसतंच गुरगुरत राहिलं. त्यानं वाट पाहिली, आणखी पाहिली, आणि मग धाडकन धक्का देत गिअर लागला.

“बघितलंत! मी उगाच सांगत नव्हते.”

“उगाच कोण म्हणालं?” मिस्त्री म्हणाला, पण त्याला त्यांच्याकडे बघवेना. “आत एक पंप असतो, तो खालून तेल ओढतो. त्या तेलाच्या दाबावर गिअर लागतो. फिल्टरच्या मानेला रबराची कडी असते, ती कडक झाली असणार. थंड असताना आखडते, मग फटीतून हवा शिरते आणि पंप हवाच ओढत बसतो. तापली की फुगते, फट बुजते.”

“माझ्या गुडघ्यांसारखंच की!” बाई हसल्या. मग थांबून म्हणाल्या, “ती बदलली की गाडी भरवशाची होईल? लांब न्यायची आहे. लेक म्हणते, एकटी राहू नकोस, कायमचीच ये माझ्याकडे. तिकडं सगळा चढ-उतार. गाडीचीच तेवढी धास्ती होती.”

“होईल,” मिस्त्री म्हणाला. आणि तो उगाचच फडक्यानं हात पुसत राहिला.

गाडी तो गॅरेजात घेऊन आला. तिथं फडताळावर एक औषधाची बाटली होती. तेलात ओतली की जुनं रबर फुगतं आणि महिना-दोन महिने गाडी निमूट चालते. मग पुन्हा तक्रार, पुन्हा बाक, पुन्हा चहा. मिस्त्रीने बाटली हातात घेतली, हलवून पाहिली. लेकीच्या वाटेवरचा एखादा चढ त्याच्या डोळ्यांपुढं आला. त्यानं बाटली जागेवर ठेवली आणि गाडीखाली सरकून तळाचं पॅन उघडलं. कडी बोटांत धरताच कडकन मोडली. नवी कडी, नवा फिल्टर, नवं तेल. सकाळी थंड गाडीत गिअर टाकला, तर टाकताक्षणी लागला. तरी खात्री म्हणून त्यानं गाडी आणखी एक रात्र ठेवून घेतली. खात्री आधीच झाली होती, पण बाईंना तसंच सांगितलं.

बाई आल्या तेव्हा तो म्हणाला, “आज मी हात लावलेला नाही. किल्ली तुम्हीच फिरवा.”

रात्रभर त्यानं एक वाक्य जुळवलं होतं. पोचलात की फोन करा, आणि मधूनमधूनही करत जा, मला बरं वाटेल. गाडी चालली की बाई थांबून काहीतरी बोलतीलच, तेव्हा सांगू असं त्यानं ठरवलं होतं. बाईंनी किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि गाडी लोण्यासारखी निघाली. “अगंबाई!” एवढंच ऐकू आलं. आनंदाच्या भरात बाई थांबल्याच नाहीत. कोपऱ्यावर गाडी वळली, तेव्हा मिस्त्रीचा हात नुकताच वर आला होता.

“काय मिस्त्री, खरंच काही होतं का?” टायरवाल्यानं विचारलं.

“होतं,” मिस्त्री म्हणाला.

मग तो आत गेला आणि गाडी उभी होती तिथं त्यानं गुडघ्यावर बसून फरशीवरून हात फिरवला. बाईंना परत बोलवावं, असा तेलाचा एक थेंबही गळला नव्हता.