यीस्टमधला पहारेकरी

संशय हा माझा जुना रोग आहे. दुकानदाराने न मागता सूट दिली, तरी मी वस्तू उलटीपालटी करून बघते. त्यामुळे पहारेकरी आपल्या जागी इतका चपखल बसला, तेव्हा माझे गाइड असलेले सर खूश झाले आणि मी खोट शोधायला लागले.

पहारेकरी म्हणजे एक प्रोटीन. टोपणनाव आम्हीच ठेवलेलं. पेशीत आरएनएचा धागा तयार होतो, त्याच्या मध्येच एक नको असलेला तुकडा असतो. तो कापून टोकं जोडायला डझनावारी प्रोटीनं जमतात आणि काम झालं की लग्नघरच्या पाहुण्यांसारखी पांगतात. यीस्टमधला हा सगळा गोतावळा आम्ही बर्फाच्या पापुद्र्यात गोठवला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्याचे लाखो पुसट फोटो काढले आणि कॉम्प्युटरकडून त्यांचा एक नकाशा बनवून घेतला. नकाशाच्या मधोमध, कंबरेपाशी म्हणा, एक उंचवटा होता. माणसाच्या पेशीत त्या जागी पहारेकरी बसतो. यीस्टमध्येही तोच बसतो, असं आम्ही छापणार होतो. शुक्रवारी लेख जाणार, लेखावर माझी डॉक्टरेट, आणि डॉक्टरेटची बातमी आईने नातेवाइकांत आधीच वाटून टाकलेली.

आता गोम अशी, की फोटो जुळवायला कॉम्प्युटरला सुरुवातीला एक नमुना द्यावा लागतो. तो धूसर करूनच द्यायचा. नाहीतर कॉम्प्युटर हांजी हांजी करतो, बिघडलेल्या टीव्हीवर दिसतात तशा फोटोतल्या नुसत्या मुंग्यांमधूनही तुम्हाला हवं तेच काढून दाखवतो. मी आमचा नमुना उघडून बघितला. तो चांगला ठसठशीत होता, आणि पहारेकरी त्यात आधीच बसलेला होता.

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मला राहवेना. तिथे खरंच कोण बसलंय, हे कळल्याशिवाय घास उतरेना. पहारेकऱ्याला नमुन्यातून कापून काढलं, उरलेलं धूसर केलं आणि गणित पुन्हा लावलं. ते चालू असताना टेबल दोनदा पुसलं आणि शेजारच्या मैत्रिणीवर उगाच डाफरले.

उंचवटा नाहीसा झाला असता, तर निदान रडून मोकळी झाले असते. पण तो होता. फक्त बारीक होता, वाकडा होता. पहारेकऱ्याला त्यात कोंबून बघितलं, तर निम्मा बाहेर लोंबायला लागला.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ नकाशा फिरवत राहिले. लेखाचं काय, हे विचारायची माझी हिंमत होईना.

"मग हा कोण?"

"माहीत नाही, सर. पण न बोलावता आलाय."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. लेख थांबवू म्हणाले, निदान एक वर्ष गेलं समज. एवढं बोलून पुन्हा स्क्रीनला नाक लावून बसले.

डॉक्टरेट वर्षभर लांबली, असं आईला फोनवर सांगितलं. मावशीला काय सांगायचं, आत्याला काय सांगायचं, हेच तिच्या डोक्यात चाललं असणार. मग तिने हळूच विचारलं, नापास झालीस का?

"नाही गं. ज्याला ओळखीचा समजत होतो, तो भलताच कुणीतरी निघाला."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" आई म्हणाली. "जा, त्याला विचार, बाबा रे, तू कोण."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. डोळे पुसून मी सरांच्या शेजारी जाऊन बसले.