रोमान पानासेन्को यांचा अल्प परिचय

पद्माकर देवस्थळीला ड्रेस्डेनच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची चार त्याने ग्रुपेनलायटर व्हायची वाट बघण्यात काढली होती. आठ माणसांच्या गटाचा प्रमुख, एवढंच ते पद. पण पुण्याला सासुरवाडीत त्याने ते आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता मिळणं भाग होतं. जुने प्रमुख मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि रांगेत दोघंच उरले होते. एक पद्माकर आणि दुसरा रोमान पानासेन्को.

रोमान तेहतीस वर्षांचा. वडील युक्रेनचे, आई बेलारूसची. दोघं नव्वद साली जर्मनीत आली आणि वर्षभराने रोमान इथेच, कारखान्यापासून दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात जन्मला. तो बोलायचा अस्सल इथला, सॅक्सन हेल काढून, जो पद्माकरला अजूनही निम्माच कळायचा. व्हॅक्यूम पंप कुरकुरायला लागला की नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. असा माणूस स्पर्धेत असावा हा पद्माकरच्या मते त्याच्यावर झालेला शुद्ध अन्याय होता.

एक दिवस विभागप्रमुख फ्राऊ हाफनर यांनी पद्माकरला केबिनमध्ये बोलावून घेतलं. बाहेरून येऊन इथे मिसळून गेलेल्या माणसासाठी कंपनी यंदापासून एकात्मता पुरस्कार देणार होती आणि पहिला मान रोमानचा होता. युक्रेन आणि बेलारूस एका छपराखाली, तेही आजच्या दिवसांत, असं म्हणताना बाईंचे डोळे पाणावले. समारंभात वाचायला परिचय हवा होता आणि तो पद्माकरनेच लिहावा, कारण त्याला या गोष्टी आतून कळतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन वर्षांपासून पद्माकरच्या खिशात जर्मन पासपोर्ट होता. एरवी त्याला या बोलण्याचा राग आला असता, पण आता त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरू लागलं. ज्याला शाल मिळते त्याला खुर्ची मिळत नाही, हे त्याने पुण्यातल्या चार संस्थांत डोळ्यांनी बघितलं होतं. रोमानला इतका थोर करून ठेवायचा की त्याला उचलून कुठल्या तरी समितीवर बसवतील, आणि ती आठ माणसं आपसूक आपल्या पदरात पडतील.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन कँटीनमध्ये रोमानसमोर बसला आणि पाच मिनिटांत त्याचा हिरमोड झाला. बालवाडी, पोहण्याच्या परीक्षेचा बिल्ला, शाळा, इथलंच तांत्रिक विद्यापीठ. वडील ओस्ताप लिफ्ट दुरुस्त करायचे, आई हालिना औषधांच्या दुकानात होती. उपासमार झाली का, असं त्याने आडून विचारलं. झाली नव्हती. मग बर्फातून पळून येणं वगैरे? आईवडील रेल्वेने आले होते आणि त्यांना बसायला जागा मिळाली होती. शेवटी रोमान म्हणाला की दोन हजार बावीसला युद्ध सुरू झाल्यापासून एक झालंय. आईला बेलारूसमधल्या गोमेलहून तिच्या सख्ख्या बहिणीचा फोन आला की वडील काही न बोलता उठून बाल्कनीत जातात. म्हणून आईने फोन उचलणंच बंद केलंय. "हे लिहू नकोस," तो म्हणाला. पद्माकरने लिहिलं नाही. यात मनाचा मोठेपणा नव्हता. असली गोष्ट परिचयात कुठे घालतात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

परिचय कसा असतो हे मात्र पक्कं ठाऊक होतं. सुरुवात 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत' अशी करायची. मग रस्त्यावरचा दिवा आणि त्याखाली अभ्यास. मग अनवाणी पायपीट, किती किलोमीटर त्या आकड्यासकट, आणि मुलाच्या पुस्तकांसाठी आईने मोडलेल्या बांगड्या. पद्माकरने पुण्यात असे डझनभर परिचय लिहिले होते आणि ते ऐकून सत्कारमूर्ती स्वतःच गहिवरले होते. एका बँक मॅनेजरच्या वाट्यालाही त्याने दिवा दिला होता आणि कोणी हरकत घेतली नव्हती, कारण हार-नारळाबरोबर हेही येतं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. जर्मन माणूस कागदावर लिहिलेलं खरं धरून चालतो, हे बारा वर्षांत लक्षात यायला हरकत नव्हती. बायकोने, मीनलने, मसुदा वाचून विचारलंसुद्धा, की अरे, हा मुलगा ड्रेस्डेनमध्ये वाढला ना, मग घरात वीज नव्हती का? पद्माकरने तिला भावना बघायला सांगितलं.

समारंभ दुपारी कँटीनमध्येच झाला. दीडशे माणसं जमली होती आणि पहिल्या रांगेत रोमानचे आईवडील कडक इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. परिचय फ्राऊ हाफनर यांनी स्वतः वाचला. दिव्याशी त्यांचा आवाज कापला. अनवाणी पायांशी रोमानने मान वर केली आणि पद्माकरकडे असं पाहिलं, की पद्माकर छताकडे बघू लागला. बाई 'भुकेने व्याकूळ' या शब्दांपर्यंत पोचल्या तेव्हा ओस्ताप यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि बोलायची परवानगी मिळेपर्यंत तसाच ठेवला.

"आमच्या घरात कोणी कधी उपाशी झोपलं नाही," ते उभे राहून म्हणाले. "मी तीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. या इमारतीतलीसुद्धा. मुलाच्या पायात बूट होते."

"दोन जोड," हालिना बसल्या जागेवरून हळूच म्हणाली.

पद्माकरला लाज वाटली, अगदी खरी, कानशिलं तापवणारी. जी बाई घरात शांतता राहावी म्हणून सख्ख्या बहिणीचा फोन उचलत नाही, तिच्या पोराच्या पायातले बूट त्याने दीडशे माणसांसमोर काढून घेतले होते. ही लाज साधारण अर्धा मिनिट टिकली. मग त्याला ग्रुपेनलायटरचं पद आठवलं आणि घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ हाफनर यांनी बोलावलं तेव्हा तो माफीची चार वाक्यं पाठ करून गेला. ती वापरावी लागली नाहीत. बाई रागावलेल्या नव्हत्या, विचारात पडलेल्या होत्या. त्यांनी रोमानची सगळी खरी माहिती मागवून वाचली होती. पळून येणं नाही, भूक नाही, सगळं चारचौघांसारखं. चूक आपलीच झाली, असं त्या म्हणाल्या. तो तर सरळ आपल्यातलाच निघाला, मग त्याला पुरस्कार कशाचा द्यायचा? ग्रुपेनलायटर त्यालाच करायचं ठरलं होतं.

"मीसुद्धा जर्मन आहे, फ्राऊ हाफनर," पद्माकर म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई अपार मायेने म्हणाल्या. "म्हणून तर हा पुरस्कार आता तुम्हाला."

पुरस्काराबरोबर विविधता समितीचं अध्यक्षपदही होतं. बाईंनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि लहानपणी फारच हाल सोसावे लागले असतील ना, असं आवाज खाली आणून विचारलं. पद्माकरचे वडील विमा कंपनीत मोठे अधिकारी होते. दाराशी फियाट असायची आणि त्याला शाळेत सोडायला ड्रायव्हर जायचा.

"फार," तो म्हणाला.