पाण्यावरची सोयरीक

वासियोनने टोपलीवरचे केळीचे पान उचलले. खाली आंबे होते. चांगले पिवळेधमक, देठाशी जरासे हिरवट, पेंढ्यात एकेक जपून ठेवलेले. आणि टोपली घेऊन होडीच्या काठावर उभी असलेली म्हातारी म्हणजे तिच्या होणाऱ्या जावयाची आजी होती.

"हे उतरवता येणार नाहीत, लोला," वासियोन म्हणाली.

"का गं?"

"बाहेरचा आंबा बेटावर चालत नाही."

"बाहेरचा कसा? माझ्या दारचा आहे."

म्हातारीचे नाव कोन्सोर्सिया, लोला म्हणजे आमच्याकडे आजी. आंतिके प्रांतातल्या कुठल्याशा डोंगरकुशीतल्या गावाहून पहाटेच्या बसने ती इलोइलो शहरात आली होती आणि तिथून होडीने सामुद्रधुनी ओलांडून आमच्या गिमारास बेटाच्या धक्क्याला लागली होती. बरोबर नातवाचे दोन चुलते होते, पण ते नुसते माना डोलवायला. नातू आर्विन मागे उभा राहून पाण्यात काय दिसते ते निरखत होता. पोराला बाहेरच्या आंब्याची बंदी चांगली ठाऊक होती. वासियोनच्या लेकीमागे, रिझेलमागे, दोन वर्षे याच धक्क्यावरून त्याच्या खेपा चालल्या होत्या, बंदीचा फलक डोक्यावरच होता. पण आजीला सांगायचे कोणी? त्यापेक्षा तो पोहत आला असता.

इलोइलोला साखर आहे, मोठी गोदी आहे, जुने वाडे आहेत. आंतिकेला डोंगर आहेत आणि डोंगरासारखीच न हलणारी माणसे. आमच्याकडे आंबा. कितीतरी वर्षे आम्ही इलोइलोच्या ताटाखालचे मांजर होतो. वेगळा प्रांत झालो तेव्हा ढोल वाजवले, मिरवलो, तरी जगात आम्हांला कोणी ओळखत असेल तर ते या फळामुळेच. गरात शिरणारा एक किडा आहे, तो दुसऱ्या बेटांवर आहे, आमच्याकडे नाही. म्हणून आमचा आंबा परदेशी जातो. हा किडा मोठा लबाड. वरून फळ निर्मळ दिसते, आत तो बसलेला असतो. म्हणून बाहेरचा एकही आंबा बेटावर पाऊल ठेवत नाही, आणि ते पाऊल अडवायला धक्क्यावर वासियोन.

हमाल तिला फौजदारीणबाई म्हणत. लोकांनी तांदळाच्या पोत्यात आंबे दडवले, बाळाच्या दुपट्यात दडवले, एकाने तर टोपीखाली ठेवून वर भर उन्हात तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिने सगळे काढून घेतले होते. पाद्रीबाबांचे घेतले, गरोदर बाईचे घेतले. त्या बाईला मग बेटावरचे आपल्या पदरचे आणून दिले, ही गोष्ट वेगळी.

आज पामालाये होती, म्हणजे मुलाकडच्यांनी येऊन मुलगी मागायची. दुपारी वासियोनच्या जागी दुसरा माणूस यायचा होता, पाहुणेही दुपारच्याच होडीने यायचे होते. पण लोला कोन्सोर्सियाला धीर कुठला? सगळ्यांना अंधारात उठवून ती दोन होड्या आधीच आली. दुपारी आली असती तर हे आंबे दुसऱ्या कोणी अडवले असते आणि वासियोन घरी नव्या झग्यात सरबताचे पेले भरत बसली असती.

"म्हणजे माझ्या झाडाला कीड लागलीय म्हणतेस?" लोलाने विचारले.

"तसं नाही म्हणत. पण लागली नाही, असंही मला म्हणता येत नाही. वरून कुणालाच कळत नाही."

"मग काप एक नि बघ."

"एक कापून बाकीच्यांचं काय कळणार, लोला?"

म्हातारीने टोपलीवर पान पुन्हा नीट पसरले. "आज झाडाचं कळत नाही म्हणतेस, उद्या माझ्या नातवाचंही कळत नाही म्हणशील. हे झाड माझ्या नवऱ्यानं लावलंय. या पोराला आईबाप नाहीत, त्याच झाडाखाली वाढवलाय मी त्याला. आंबे परत जाणार असतील तर मीही परत जाते. रिकाम्या हातानं मुलगी मागायला मी यायची नाही."

एवढे बोलून ती होडीतल्या फळीवर बसली. बसली म्हणजे अशी बसली की आता देवाने येऊन उठवले तरच उठेल. चुलत्यांनी माना डोलवल्या. आर्विनच्या तोंडचे पाणी पळाले.

वासियोनने बादोंग नावाच्या हमालाला आपल्या घरी पिटाळले, नवऱ्याला आणि रिझेलला घेऊन ये म्हणून. जाण्याआधी तो थोरल्या बहिणीला म्हणावे तसे नांग म्हणत तिच्या कानाशी लागला. "नांग वासियोन, आम्ही सगळे पलीकडं तोंड करून उभे राहतो. आम्ही काही पाहिलं नाही."

वर्षानुवर्षे तिने याच हमालांची गाठोडी उलटीपालटी केली होती. तेच आज तिला वाट काढून देत होते. किती सोपे होते. एक पान खाली सोडायचे आणि पुढच्या होडीकडे वळायचे.

"तुम्ही तोंड फिरवाल रे," ती म्हणाली, "किडा फिरवेल का?"

बादोंगच्या फटफटीवर मागे रिझेल आणि तिच्या मागे तिचा बाप दोमेंग, असे तिघे आले. रिझेल पिवळ्या झग्यात होती, केसांत फूल होते. होडीत बसलेली आजी, मांडीवरची टोपली आणि धक्क्यावर गणवेशातली आई पाहून तिला काय झाले ते सांगावे लागले नाही.

"नानाय, आज एक दिवस तरी..." ती म्हणाली आणि तिची नजर बापाच्या हातांकडे गेली. तिचे शिक्षण, अंगावरचा झगा, दुपारचे जेवण, सगळे आंब्यावरच चालले होते. दोमेंग झाडावर चढून फळान्‌फळ कागदात बांधायचा, चिकाने त्याच्या हातांवर काळे डाग पडले होते. आपल्या नवऱ्याच्या पोटावर आपणच कसा पाय देणार, हे वासियोनला कळत होते. आणि पोरीचे नशीब आपल्याच हातून फिसकटते आहे, हेही कळत होते.  

दोमेंगला मात्र रुसवेफुगवे कधी कळत नाहीत, तो आपला वाकून टोपलीत बघू लागला.

"लोला, कागद न बांधता इतका निर्मळ?"

"आम्ही नाही बांधत," म्हातारी घुश्शातच म्हणाली. मग जरा थांबून, "पण दर सकाळी झाडाखालनं झाडते मी. पडलेलं एक फळ राहू देत नाही."

"तरीच. असा आंबा मी बघितला नाही. खायला मिळाला असता तर..." त्याने बायकोकडे पाहिले आणि ओशाळला. "पण इथं नाही."

"इथं नाही तर मग कुठं?" लोलाने विचारले. मग तिने पहिल्यांदाच वासियोनकडे सरळ पाहिले. "काय गं इंदाय, पोरी, तुझा कायदा जमिनीवर आहे, का पाण्यावर पण?"

वासियोनने धक्क्याच्या खांबाला बांधलेल्या दोराकडे पाहिले. "दोर बांधलाय तोवर माझा. सोडून लांब गेलात की पाणी माझं नाही. पण बाठे नि साली एकूण एक होडीवाला पलीकडं शहरात नेऊन टाकेल. आणि परत यायच्या आधी सगळ्यांनी समुद्रात हात धुवायचे."

होडीवाल्याने थोडी कुरकुर केली, पण एक आंबा त्यालाही मिळेल म्हटल्यावर ती थांबली. दोमेंग चढला. रिझेल झगा आवरत चढली आणि आर्विनने तिला हात दिला, हे त्याने सकाळपासून केलेले पहिले कामाचे काम.

"आणि तू?" लोलाने विचारले.

"माझी पाळी दुपारपर्यंत आहे."

"मुलीची आई नसताना मी मुलगी मागू कुणाकडं?"

वासियोनने गणवेशाचा सदरा खाली ओढून नीट केला. "दोमेंग आहे ना. माझं उत्तर मी इथूनच देते. माझं हो आहे. या सगळ्यांसमोर सांगते, हो."

हमाल ऐकत होते. बादोंगने दोर सोडला.

होडी पार मधोमध गेली आणि तिथे यंत्र बंद झाले. वासियोनला माणसे बोटाएवढी दिसत होती, शब्द एकही ऐकू येत नव्हता. म्हातारी बोलायला उभी राहिली तेव्हा दोन्ही चुलत्यांनी तिला कमरेला धरले. तेवढ्यात दुसरी होडी धक्क्याला लागली आणि वासियोनला पिशव्या उघडाव्या लागल्या. एकीत वांगी होती, एकीत मच्छी. तिच्या मुलीचे लग्न नेमके कोणत्या पिशवीच्या वेळी ठरले, ते तिला कधीच कळायचे नव्हते. मान वर करून पाहिले तर दोमेंग टोपी हातात घेऊन हलवत होता. तिचा जीव भांड्यात पडला.

होडी परत आली. सालींचे आणि बाठ्यांचे बोचके होडीवाल्याच्या पायाशी घट्ट बांधलेले होते, ते वासियोनने आधी पाहिले. सगळ्यांत पुढे लोला उतरायला आली आणि तिने टोपली पुढे केली.

"बघ," ती म्हणाली.

वासियोनने पाहिले. नुसते पाहिल्यासारखे केले नाही. पेंढा उपसून समुद्रात टाकला, पान उलटून पाहिले, कोपऱ्याकोपऱ्यात बोटे घातली. म्हातारी शांत उभी होती. टोपली रिकामी निघाली तेव्हा तिने आपले दोन्ही तळवे उघडून समोर धरले.

"हेही बघ."

तळवे ओले होते, खाऱ्या पाण्याने पांढरट पडलेले. वासियोनने उजवा हात हातात घेतला, वाकली, आणि आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा घेतात तसा कपाळाला लावला. आंब्याचा वास गेला नव्हता. तो तिने श्वासभर घेतला आणि मग तोच हात धरून विहिणीला बेटावर उतरवून घेतले.