सायखेड्यावरून एक चक्कर

"मला काय कांद्याच्या मार्केटात आणलंय का रे?" वजनकाट्यावरून उतरत नवसाबाई म्हणाली. "आता भाव बी काढा."

कॅप्टन हसला. छोट्या विमानात कुणी कुठं बसायचं ते वजनावर ठरतं, जड माणूस पुढं, असं त्यानं समजावलं. नवसाबाईचा मुलगा शेखर मात्र काट्यावर चढायला तयार होईना. शेवटी चढला, पोट आत ओढून.

"पोट आत घेतल्यानं वजन कमी व्हतं व्हय?" म्हातारीनं विचारलं.

सून छाया मोबाइलवर सगळं टिपत होती. तेवढा तुकडा तिनं लगेच उडवून टाकला.

शेखरचा पन्नासावा वाढदिवस होता. लोक केक कापतात, फार तर त्र्यंबकला जाऊन येतात. शेखरनं फॅमिलीसाठी विमान भाड्यानं घेतलं होतं, शहराबाहेरच्या धावपट्टीवरून. चार खुर्च्यांचं ते विमान; त्याच्यापेक्षा ट्रॅक्टर भारदस्त दिसतो. पण शेखरचा थाट काय विचारता! पांढरे बूट, काळा गॉगल, गळ्यात दोरखंडाएवढी सोन्याची चेन. हौसेला मोल नसतं म्हणतात. शेखरच्या हौसेला अक्कलही नव्हती. जन्मात कधी बैलाच्या पाठीला हात न लावलेल्या या माणसानं गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो "आपली मुळं" दाखवायचा.

नवसाबाईला या सगळ्याची शिसारी होती. गुडघे गेले म्हणून ती त्या फ्लॅटमध्ये येऊन पडली होती, नाहीतर सायखेड्याचा नदीकाठचा मळा तिनं सोडला नसता. तिथं तिनं उभा जन्म झेंडू पिकवला. तिथंच जांभळाखाली तिच्या नवऱ्याच्या, पुंजारामअण्णांच्या, समाधीचा ओटा होता. आता मळा तिच्या हाताखाली तयार झालेला गडी नाथा वाट्यानं करतो, असं शेखर सांगायचा. दर शनिवारी पिशवीभर झेंडू आणून तिच्यापुढं ठेवायचा. "नाथानं दिलाय, आपल्या मळ्यातला." फुलं कसली, नुसता चोथा! चेंगरलेली, वजन वाढवायला पाणी मारलेली.

"नाथ्या मेला हरामखोर झाला," म्हातारी दर शनिवारी करवादायची. "लेकरासारखं शिकवलं त्याला. मला एकदा मळ्यात ने रे, बघते त्याच्याकडं."

"नेतो की. रस्त्याचं काम चालूय, आई."

आजही ती विमानात बसायला तयार झाली ते एकाच बोलीवर. शेखर म्हणाला होता, सायखेड्यावरून एक चक्कर मारू, अण्णांच्या नावानं वरून फुलं टाकू. गावातल्या दोस्तांना फोन करून झाले होते, "अकराच्या सुमाराला माना वर करून उभे राहा." फुलांचा करंडा म्हातारीच्या मांडीवर होता. पाकळ्या तिनंच निवडल्या होत्या, नाथाला शिव्या घालत.

विमान उडालं तशी छाया किंचाळली. पुढं शेखरनं दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली. वाढदिवसाचा राजा! घामानं त्याचा गॉगल नाकावरून घसरला, पण तो वर करायला हात मोकळा होईना. नवसाबाई शांत होती. पदर सावरून ती खिडकीतून गोदावरी बघत होती.

सायखेडा आलं आणि शेखरला कंठ फुटला. "आई, दे करंडा!"

"सर, काही टाकायचं नाही," कॅप्टन म्हणेस्तोवर यानं खिडकी उघडून ओंजळ बाहेर फेकली. वाऱ्यानं ती होती तशी परत आत फेकली. पाकळ्या छायाच्या केसांत, कॅप्टनच्या कॉलरीत, आणि दोन-चार थेट शेखरच्या उघड्या तोंडात. खाली गाव माना वर करून उभं होतं. त्याला एक पाकळी दिसली नाही.

शेखर थुंकत बसला, आणि विमान नदीच्या वळणावर कललं.

वळण तिच्या ओळखीचं. काठावरचं महादेवाचं देऊळ ओळखीचं. पण त्याच्या अलीकडं जिथं मळा हवा तिथं उघडी माती होती, आणि मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, प्लॉट पाडलेल्या चौकटीच चौकटी. मधून काळा डांबरी रस्ता. तोंडाशी मोठी कमान.

वरून सगळं दिसतं, एवढं साधं शेखरला सुचलं नव्हतं. म्हातारी भीतीनं डोळे मिटून रामराम करत बसेल, असा त्याचा अंदाज. तिचे मोतीबिंदू त्यानंच काढून आणले होते, चारचौघांत सांगतही फिरला होता. पण फुशारकीपुढं त्याला त्या डोळ्यांची आठवण कुठली राहायला!

"शेखर, हीर कुठंय?"

कानावरच्या हेडफोनमधून तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कॅप्टनलासुद्धा.

"ती... बुजवली, आई. सेफ्टीसाठी."

"आन् ओटा?"

"तिथून मेन रोड गेलाय. प्लॅनच तसा होता. पण गेटला अण्णांचं नाव दिलंय! 'पुंजाराम पार्क'. बघ ना, इतक्या वरनं वाचता येतं!"

"मला वाचता येत नाय." तिनं पदरावर पडलेली एक पाकळी उचलली. "फुलं कुठून आणायचास?"

"फुलबाजारातून," शेखर पुटपुटला. "तुला त्रास नको म्हणूनच केलं, आई."

जमीन त्याच्या नावावर तिनंच करून दिली होती, हसत. तिनं पोटच्या पोराच्या मानेवरची लोंबती चरबी बघितली आणि तिला त्याची किळस आली.

"खिडकी लाव," ती म्हणाली. "वारं लागतंय."

मग वाकून तिनं विमानात पडलेल्या पाकळ्या गोळा केल्या आणि पदरात बांधल्या.

खाली उतरल्यावर केक तयार होता. शेखरचा चेहराही परत तयार होता.

"सायखेड्याला घाल गाडी," नवसाबाई म्हणाली.

"आज? पाहुणे येणारेत, आई."

"मग मी यष्टीनं जाते."

कॅप्टन बघत होता. शेखरनं मुकाट्यानं गाडी काढली.

कमानीशी वॉचमनच्या ढगळ गणवेशात नाथा उभा होता. म्हातारीला बघून त्याची मान खाली गेली.

"मावशी, मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय."

"लय शिव्या घातल्या रे तुला. फुलं नासवतो म्हणून."

"मला कुठं आयकू आल्या?"

"तरी घातल्याच ना. चुकलं माझं." तिनं डोळे पुसले. "ओटा कुठं व्हता तेवढं दाव. मला कायच उमगंना."

विहीर नाही, जांभूळ नाही, खूण म्हणून काही ठेवलंच नव्हतं. नाथा पुढं चालत गेला आणि डांबराच्या मधोमध एका जागी थांबला. टोपी काढली. नवसाबाई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि तिनं पदराची गाठ सोडली.

तिकडं शेखरचा हॉर्न सुरू झाला. पाहुणे खोळंबले होते. म्हातारी हलत नाही म्हटल्यावर त्यानं गाडी कमानीतून आत घातली, थेट तिच्या दिशेनं.

नाथानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि मालकाच्या गाडीपुढं त्यानं हात आडवा केला.

गाडी थांबली. नवसाबाईनं मागं वळूनही पाहिलं नाही. ती एकेक पाकळी ठेवत राहिली.