आईची रागातली हाक

प्रेरणा एरवी कुणाला बोलण्यात हार जायची नाही. पण डच भाषेपुढं तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. नौबादची ही नर्स हॉलंडमधल्या एका वृद्धाश्रमात कामाला निघाली होती, आणि आडवी आली होती तोंडी परीक्षा. एकदा नापास झालेली. आज पुन्हा झाली, की ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

घोडं अडलं होतं जोडशब्दांवर. दवाखाना म्हणजे 'झीकनहाउस'. पहिल्या 'झी'वर जोर द्यायचा, बाकीचं हलकं सोडायचं. प्रेरणा नेमकी 'हाउस'वर रेटायची. तिचा तरी काय दोष? वॉर्डात रोज "तिप्पण्णाऽ", "रेणुकाक्काऽ" करणारी ती. आपल्याकडं हाक मारताना सगळी माया नावाच्या शेपटालाच लावतात. चाकांच्या खुर्चीच्या 'रोल-स्टूल'ची तर ती 'रोलस-टूल' अशी भलतीकडंच फोड करायची. ऑनलाइन शिकवणाऱ्या डच बाई गोड हसून म्हणायच्या, "पुन्हा." त्या 'पुन्हा'ची तिला धडकीच भरली होती.

परीक्षेच्या सकाळी ती गॅसवर दूध ठेवून खोलीत शब्द घोकत बसली. तेवढ्यात तिची आई चांगुणाबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या, "प्रेरणा! दूध उतू चाललंय, ध्यान कुठं हाय तुझं?"

प्रेरणा जागची हललीच नाही. आईनं 'प्रे'वर असा घाव घातला होता, की उरलेलं नाव त्यामागं नुसतं घरंगळत आलं होतं. डच बाई इतके दिवस हेच तर मागत होत्या!

"आई, अजून एकदा रागव की."

"खुळी झालीस व्हय?"

परीक्षाही ऑनलाइनच होती. खोलीचं दार लावून तिनं एकेका शब्दाला आईसारखं फैलावर घेतलं. झीकनहाउस! रोलस्टूल! परीक्षक मान डोलवत राहिले आणि शेवटी तिथल्या तिथं निकाल सांगून मोकळे झाले.

खोलीच्या दाराबाहेर चांगुणाबाईंचा जीव टांगणीला लागलेला. दार उघडताच त्यांनी लेकीचा दंड धरला. "कामून भांडायलीस ग त्यांच्यासंगं? नापास करतील की!"

"भांडले न्हाई, आई. पास झाले."

एवढं बोलून प्रेरणा उंबऱ्यावरच बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हसू आवरेना.

"म्हणजे जाणार व्हय तू?"

"व्हय."

चांगुणाबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी उरल्यासुरल्या दुधाचा चहा टाकला आणि हाक मारली, "प्रेरणाऽऽ, चहा झालाय."

सगळा जोर शेवटच्या 'णा'वर होता. प्रेरणानं ओ दिली नाही. आई अजून एकदा हाक मारील, म्हणून ती तशीच बसून राहिली.