आहाराची वही

कॅलरीने हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि कचऱ्याचा डबा जुन्या वर्तमानपत्रावर उलटा केला. अंड्याची टरफलं, भोपळ्याची साल, सफरचंदाचं देठ, चहाचा चोथा. ती गुडघ्यांवर बसून एकेक कपटा उलटून बघू लागली. एखादं चुरगळलेलं पाकीट, एखादा तेलकट कागद, काहीतरी सापडायलाच हवं होतं. काहीच सापडलं नाही, तेव्हा ती आणखी चिडली.

"काय हरवलंय?" दारातून भोंग्याने विचारलं.

"काही नाही."

"मग कचऱ्याची हजेरी कशाला घेतेस?"

कॅलरीने वर्तमानपत्राची पुरचुंडी करून डब्यात कोंबली आणि झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत दोघी तीन वर्षं राहत होत्या. एक शेगडी, दोन पलंग आणि कॉलेजने बहाल केलेली दोन नावं. आहारशास्त्र शिकणारी आणि शेजाऱ्यांच्या चहातली साखरसुद्धा मोजणारी ती कॅलरी. भूगोल शिकणारी, बँडमध्ये गाणारी आणि जिने गॅलरीतून साबण मागितला तर चौकातला लाँड्रीवाला 'कोणता?' म्हणून विचारायचा, ती भोंगा. एरवी दोघींचं बरं चालायचं. या आठवड्यात मात्र कॅलरीच्या नाकीनऊ आले होते.

कारण होतं ती वही. शेवटच्या वर्षाला एका माणसाचा सात दिवसांचा आहार नोंदवायचा होता, आणि त्यासाठी कॅलरीने भोंग्याला धरलं होतं. वेळ, पदार्थ, किती, कुठे, कोणाबरोबर आणि शेवटी सल्ला, असे सहा रकाने. शिवाय एका शेगडीवर पंधरा मिनिटांत होतील अशा सोप्या पाककृती. ज्याचा आहार त्यानेच नोंद ठेवायची, विद्यार्थ्याने ती तपासायची. ज्याची वही सर्वांत चांगली त्याला सुट्टीत मोठ्या हॉस्पिटलच्या आहार विभागात काम मिळणार होतं. जागा एकच होती, आणि कॅलरीला ती हवी होती. इतकी, की तिने त्या विभागाच्या खिडक्या कोणत्या हेसुद्धा रस्त्यावरून जाता-येता ठरवून टाकलं होतं.

वही देतानाच मॅडमनी बजावलं होतं, "खाण्याच्या बाबतीत माणूस जितकं खोटं बोलतो, तितकं वयाच्या बाबतीतही बोलत नाही. गेल्या वर्षी मला चाळीस वह्या मिळाल्या. चाळीसच्या चाळीस माणसं सकाळी फळ खात होती. अशी माणसं मला आजवर भेटलेली नाहीत. खऱ्या नोंदीत लाज वाटावी असं एखादं तरी असतंच. ते नसेल तर वही माझ्याकडे आणू नका."

आणि भोंग्याच्या वहीत लाज वाटण्यासारखं काहीही नव्हतं. सकाळी ओट्स आणि केळं. दुपारी उकडलेलं अंडं, काकडी, दोन टोस्ट. रात्री भोपळ्याचं सूप. हे सगळं कॅलरीच करून घालत होती, म्हणून खोटं म्हणता येईना. भोपळ्याच्या फोडी कांद्याबरोबर मऊ शिजवायच्या, चमच्याच्या पाठीने घोटायच्या, मीठ-मिरपूड घालायची आणि उतरवल्यावर चमचाभर दही. पंधरा मिनिटंही लागत नाहीत. पण बँडच्या तालमीहून येणारी मुलगी दोन जेवणांच्या मध्ये काहीच खात नाही? पाच दिवस? आणि तालमीहून आल्यावर तिच्या ओढणीला तळणीचा वास येतो तो काय हवेतून चिकटतो?

"मध्ये काही खाल्लंस?" कॅलरी रोज विचारायची.

"नाही गं."

"चहाबरोबर काही? चघळायला काही? कुणी दिलं म्हणून?"

"तू पोलिसात जा," भोंगा म्हणायची आणि गाणं सुरू करायची.

सातव्या दिवशी स्टेशनमागच्या मैदानावर संगीत महोत्सवाचा शेवटचा दिवस होता. भोंग्याचा बँड पाच वाजता मंचावर येणार होता. दुसऱ्या दिवशी दहाला वही मॅडमच्या टेबलावर हवी होती. कॅलरीने गाजराचे आणि काकडीचे काप डब्यात भरले, डबा पिशवीत टाकला आणि साडेतीनलाच निघाली. गाणं ऐकायला म्हणून नव्हे. तिला भोंग्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

मैदानावर पाऊल ठेवताच तिच्या डोक्याचा भुगा झाला. दोन मंचांवर दोन वेगवेगळी गाणी चालू होती आणि मधल्या माणसांना दोन्ही ऐकू येत होती. एक गृहस्थ ध्वनिक्षेपकाच्या पुढ्यात टोपी तोंडावर घेऊन गाढ झोपले होते. एक बाई नातवाला कडेवर घेऊन नाचत होती आणि नातू 'आजी, पुरे' म्हणून रडकुंडीला आला होता. कुणीतरी कॅलरीच्या गालावर न विचारता हिरवा तारा रंगवला आणि पुढच्या गालाकडे वळलं. ती गर्दीतून वाट काढत, चार जणांचे पाय तुडवत आणि पाच जणांकडून तुडवून घेत खाण्याच्या गाड्यांपर्यंत पोचली.

तिसऱ्याच गाडीपाशी भोंगा उभी होती. चंदेरी जाकीट, डोळ्यांवर काजळाचे फराटे आणि हातात तळलेल्या बटाट्यांची ही एवढी कागदी डिश, वर वितळलेलं चीज.

"वा!" कॅलरी म्हणाली.

भोंग्याचा हात तोंडापाशीच थांबला. मग तिने तो बटाटा खाल्लाच.

"सहा दिवस!" कॅलरीचा आवाज चढला. "सहा दिवस तू मला बनवलंस. मी पहाटे उठून तुझ्यासाठी ओट्स शिजवते. तुझी आई फोन करून 'माझ्या पोरीला तूच सांभाळतेस गं बाई' म्हणते. आणि तू? उद्या मी मॅडमना काय देऊ? माझी हॉस्पिटलची जागा गेली, कळतंय का तुला? या बटाट्यांपायी गेली!"

"हळू बोल. भोंगा मी आहे."

"विनोद नकोय मला! वही दे."

भोंग्याने बोटं जाकिटाला पुसली, खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली आणि तिच्या हातात ठेवली. मंचावरून कुणीतरी बँडचं नाव पुकारत होतं.

"पुढून अर्धी खोटी आहे," ती म्हणाली. "रोज तालमीनंतर हेच खात होते. आता मागून उघड."

"मागे काय आहे?"

पण भोंगा डिश तिच्याच हातात देऊन पळाली होती.

एका हातात बटाटे, एका हातात वही, अशा अवस्थेत कॅलरी गर्दीच्या कडेला सरकली. डिश तिने एका कठड्यावर ठेवली आणि वही उलटी करून मागून उघडली. मागच्या बाजूलाही सहा रकाने आखलेले होते. अक्षर भोंग्याचं, सगळ्या वेलांट्या वाऱ्यावर उडाल्यासारख्या.

'दिवस पहिला. सकाळी सात. बिनदुधाचा चहा, एक कप. ओट्यापाशी, उभ्याने. कोणाबरोबर: कोणी नाही.

दुपारी दीड. काकडीच्या दोन फोडी, माझ्या ताटात उरलेल्या. ओट्यापाशी, उभ्याने.

रात्री साडेआठ. मला सूप वाढलं. स्वतः भांड्याच्या कडेचं चमच्याने खरवडून खाल्लं. विचारलं तर म्हणाली, झालं माझं.'

कॅलरीला आधी कळेचना की हे कुणाबद्दल आहे. ती शिकल्याप्रमाणे रकाने तपासत गेली. प्रथिनं जवळजवळ नाहीत, फळ नाही, दूध नाही. वाईट आहार, तिने मनात नोंदवलं. मग तिला सूप आठवलं.

मंचावर भोंगा गायला लागली. समोरची सगळी गर्दी एकदम उड्या मारू लागली, जमीन पायाखाली धडधडू लागली, आणि कॅलरीला वही दोन्ही हातांनी धरावी लागली.

'दिवस तिसरा. रात्री नऊ. तिच्या आईचा फोन. आईला सांगितलं, सूप, टोस्ट आणि उकडलेलं अंडं खाल्लं. ते मी खाल्लं होतं.

दिवस पाचवा. दुपारी तीन. बिस्किटं, सहा. भिंतीकडे तोंड करून. पाकीट पुस्तकांच्या मागे सरकवलं. कोणाबरोबर: कोणी नाही. (मी पलंगावर झोपेचं सोंग घेतलं होतं.)'

कॅलरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आपल्याच खोलीत, आपल्याच पाठीमागे! ही काय पद्धत झाली? तिने वही मिटली. पुन्हा उघडली. सहा बिस्किटं नव्हती, पाच होती, हे सांगायला तिने मान वर केली पण समोर नाचणाऱ्या माणसांशिवाय कुणीच नव्हतं. ती तशीच उभी राहिली. भोंग्याचा आवाज खरोखरच मोठा होता. तीन वर्षं तिला तो डोकं उठवणारा वाटत आला होता. इतक्या मोठ्या मैदानात तो अगदी बरोबर मापाचा होता. शेजारचे एक पोक्त गृहस्थ टाळ्या वाजवता वाजवता तिला म्हणाले, "काय गाते हो मुलगी!" आणि कॅलरी तुटकपणे म्हणाली, "माझ्या खोलीवरची आहे." रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

चार गाण्यांनंतर भोंगा घामाने निथळत आली. काजळ गालांवर उतरलं होतं.

"हे कशासाठी?" कॅलरीने वही नाचवली.

"पहिल्या दिवशी तुझी जिरवायची म्हणून. उठता-बसता माझ्या तोंडाकडे बघायचीस. म्हटलं, आपणही बघू."

"आणि मग?"

"मग मला राग आला. तुझं सूप चांगलं असतं गं. पण समोर उभं राहून कुणी घासन्‌घास बघत असलं आणि स्वतः काही खात नसलं की उतरत नाही ते घशाखाली. म्हणून बाहेर खायचे."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं. रोज म्हटलं, बस ना. तू दर वेळी चमचे धूत होतीस."

भोंग्याने कठड्यावरची डिश उचलली आणि तिच्यापुढे धरली. बटाटे गार झाले होते, चीज थिजलं होतं.

"झालं माझं," कॅलरी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग भोंग्याने तिच्या हातातून वही काढून घेतली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि वेळ टाकून तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना कॅलरी मॅडमच्या खोलीबाहेर उभी होती. पुढची बाजू सुधारून द्यायची, की नवी वही करून आठवड्याची मुदत मागायची, यावर तिने सकाळपासून खूप डोकं चालवलं होतं. भोंगा उठायच्या आत तिच्यासाठी ओट्ससुद्धा शिजवून झाले होते. नाव पुकारलं तेव्हा तिने आत जाऊन वही टेबलावर ठेवली. मागची बाजू वर.

मॅडमनी चष्मा लावला. सातही दिवस वाचले, एकही पान न गाळता.

"हे अक्षर तुझं नाही."

"नाही."

"आणि पुढची बाजू?"

"ती अर्धी खोटी आहे. अक्षर तेच. पाककृती तेवढ्या माझ्या आहेत, करून बघितलेल्या."

"म्हणजे जे खरं आहे ते काम तुझं नाही. असं असताना हॉस्पिटलसाठी तुझं नाव मी पाठवीन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत," कॅलरी म्हणाली. "पण तुम्ही खरी नोंद मागितली होती. ही खरी आहे. फक्त पाचव्या दिवशी सहा बिस्किटं लिहिली आहेत, ती पाच होती."

मॅडमनी पान उलटलं, पाचवा दिवस पुन्हा वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सल्ल्याचा रकाना कोरा आहे."

"सुचला नाही."

"तुला?"

बाहेर पुढच्या मुलाने दारावर टकटक केली. मॅडमनी "थांब जरा" म्हणून त्याला ओरडून सांगितलं, खण उघडला आणि एक कोरा तक्ता काढून समोर ठेवला.

"नोंदीनंतर मुलाखत घ्यावी लागते, माहीत आहे ना? ज्याचा आहार, त्याची. बस."

कॅलरी खुर्चीच्या कडेवर टेकली.

"नीट बस. आज सकाळी उठल्यापासून सांग."

"सात वाजता चहा."

"त्याच्याबरोबर?"

"काही नाही."

"त्यानंतर?"

काहीतरी सांगता आलं असतं. ओट्स, केळं, अर्धं सफरचंद. किती ग्रॅम तेसुद्धा तिला तोंडपाठ होतं. मॅडमचं पेन रकान्यावर थांबलेलं होतं.

"त्यानंतरही काही नाही," कॅलरी म्हणाली, आणि मग, जणू सगळा दोष मॅडमचाच असावा अशा वैतागाने, "आणि मला खूप भूक लागली आहे."

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, दहा वाजून वीस मिनिटं.